काहून मॅडम

आमच्या वकीलबाईंना अकोल्याच्या कोर्टात सगळे 'काहून मॅडम' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. काहून म्हणजे का. आमच्या वऱ्हाडात हा शब्द शेंबडं पोरही वापरतं, पण बहुतेकांचा काहून हा नुसता सुस्कारा असतो. 'काहून असं झालं असन बावा' म्हणायचं आणि पुढच्या विषयाकडे वळायचं. मॅडमना उत्तर लागायचं. चहावाल्याला यायला उशीर झाला तरी त्या विचारत, "काहून?" गॅस संपला होता, असं तो सांगे. "काहून? परवा तं नवं सिलिंडर आनलं म्हनत होता." मग त्या बिचाऱ्याला ते सिलिंडर साळ्याच्या लग्नात कसं गेलं याची सगळी कथा सांगावी लागे. ती शेवटपर्यंत ऐकून मॅडम म्हणत, "आता समजलं. दे चहा."

आवाजात राग अजिबात नसे, आणि समोरच्याची पंचाईत तिथंच होई. चिडून विचारलं तर माणूस चिडून उत्तर देतो आणि विषय मिटतो. मॅडम मात्र शांतपणे, डोळे बारीक करून, खरंच जाणून घ्यायचंय अशा थाटात विचारत. साठीच्या आसपासचं वय, ठेंगणी मूर्ती, सुती साडी, वर काळा कोट आणि पायात पांढरे धावायचे बूट. बुटांबद्दल कोणी हसलं तर म्हणत, "तारखेवर तारीख देतात, मंग पयाले बूट नको का?"

मी मराठीची शिक्षिका आहे. माहेर अमरावतीचं. शहराबाहेर वडिलांचा भाजीचा मळा, आणि आई बाजारात बसून भाजी विकायची. सासर अकोटजवळच्या खेड्यातलं, काळ्या जमिनीचं, कापसाचं. नोकऱ्यांमुळे आम्ही नवरा-बायको अकोल्यात राहतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, या रिवाजाप्रमाणे मी अमरावतीला गेले आणि तिथल्या एका खाजगी दवाखान्यात दाखल झाले.

वैशाखातली दुपार होती. डॉक्टरीणबाई सकाळी तपासून गेल्या होत्या. दुपारनंतर काहीतरी अडलंय हे मला कळत होतं, आईला कळत होतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ती माणसं खोलीत नव्हती. आई दारात उभी राहून सिस्टरला हाका मारत होती. माणसं आली तेव्हा धावपळ झाली, ओढाताण झाली, आणि सार्थक जन्मला. तो रडला नाही. निळा पडला होता. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. सार्थकला सगळं समजतं. पण मान, हात, पाय आणि जीभ त्याचं ऐकत नाहीत.

त्यानंतर दीड वर्ष सगळ्यांनी मला एकच शब्द दिला, नशीब. सासूबाईंनी दिला, शेजारणींनी दिला, शाळेतल्या सहकाऱ्यांनी डबा खाता खाता दिला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्याऐवजी "होतं असं कधीकधी" दिलं. मला त्या शब्दाची चीड येई, पण त्याच्या जागी ठेवायला दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता, आणि तेही मराठी शिकवून पोट भरणाऱ्या बाईकडे! शेवटी सार्थकचे व्यायाम घेणाऱ्या बाई एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही एकदा काहून मॅडमना भेटा हो."

मॅडमचं ऑफिस जठारपेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. जिना अरुंद आणि उभा. मी खालून फोन केला तर त्या म्हणाल्या, "लेकराले घेऊन चढू नको. मी उतरते." त्या उतरल्या आणि दुकानातल्याच एका स्टुलावर, कळशा-पातेल्यांच्या मधोमध बसल्या. दुकानदाराला याची सवय असावी. त्यानं न सांगता पंखा आमच्याकडे वळवला आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"नाव काय तुमचं?" मॅडमनी विचारलं. मी माझं नाव सांगितलं. "तुले नाई विचारलं. यायले विचारलं." त्या सार्थककडे पाहत होत्या. लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल मला विचारत, जणू तो पिशवी आहे. मी म्हटलं, तो अजून बोलत नाही. "नाई बोलला तं नाई बोलला. विचारायचं काम माह्यं आहे." आणि त्या थांबल्या. सार्थकनं त्यांच्याकडे पाहिलं, मान सावरायचा प्रयत्न केला आणि घशातून एक आवाज काढला. "बरं," मॅडम म्हणाल्या. मग मला सांगितलं, "हे पक्षकार. तू त्यांची आई, म्हंजे त्यायच्या वतीनं सही करनारी. केस तुह्यी नाई, त्यायची आहे. ध्यानात ठेव." तेव्हापासून त्या त्याला 'साहेब' म्हणत आणि केसमधली प्रत्येक गोष्ट आधी त्याला सांगत. मी ऐकायला शेजारी असे.

त्या दिवशी मी बोलता बोलता रडले, आणि रडता रडता माझ्याच तोंडून निघून गेलं, "आमचं नशीबच असं, मॅडम." त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"कोनाचं?"

"नशीब."

"पत्ता सांग त्याचा."

मी डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं.

"नशिबाले नोटीस धाडता येत नाई, मास्तरीण. मानसाले धाडता येते. तू मले मानसं सांग. कोन खोलीत होतं, कोन नव्हतं, आन् काहून नव्हतं."

मी सांगू लागले. त्या दीड वर्षात हे मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

दवाखान्याचे कागद हवे होते. मागितल्यापासून बहात्तर तासांत ते रुग्णाला द्यावे लागतात, हा नियम मला मॅडमकडून कळला. अर्ज देऊनही दवाखान्यातून उत्तर यायचं की फाइल सापडत नाही. एक दिवस मॅडम आमच्यासोबत एसटीनं अमरावतीला आल्या आणि दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसल्या. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "फाइल काहून सापडत नाई?" ती म्हणाली, रेकॉर्डवाले सुटीवर आहेत. "काहून?" तिला माहीत नव्हतं. "मंग ज्याले माहीत आहे त्याले बोलाव. मी बसते." त्यांनी डबा काढला, अंबाडीची भाजी आणि भाकर खाल्ली, शेजारी बसलेल्या बाईलाही दिली आणि तिच्या पायाच्या सुजेची चौकशी केली. दुपार कलायच्या आत फाइल सापडली. मॅडमनी काउंटरवरच्या मुलीचे आभार मानले आणि वर विचारलं, "जेवली का नाई तू अजून?"

माझ्या सासऱ्यांना हे प्रकरण पसंत नव्हतं. ते वाईट मनाचे नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टरांशी वैर घेऊ नये, उद्या पुन्हा अडीअडचणीला त्यांच्याच दारात जायचंय. ते मुद्दाम अकोल्याला येऊन हे मॅडमना सांगून गेले. मॅडम म्हणाल्या, "जा ना भाऊ, खुशाल जा. डॉक्टर चुकला म्हंजे डॉक्टर वाईट, असं कोन म्हन्ते? पन आमी चुकलं म्हनून सांगतलं तं वैर, आन् त्यायनं ध्यान देल्लं नाई ते काय?"  सासरे जाताना सार्थकच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

डॉक्टरांवर मॅडमचा राग नव्हता, हे मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. एकदा माझ्यासमोर अकोटकडचे तिघं भाऊ आले. वडील ऑपरेशननंतर वारले होते. भाऊ तापलेले होते, धाकटा तर दवाखान्याच्या काचा फोडायची भाषा करत होता. "काच फोडली का तुमचीच केस फुटते," मॅडम म्हणाल्या, "बसा आन् कागद द्या." त्यांनी सगळे कागद वाचले, कोणा डॉक्टरला फोन करून दोन गोष्टी विचारल्या आणि चष्मा काढला. "भाऊ, त्यायनं सगळं केलं. येळेवर केलं. तुमाले आधी धोकाही सांगतला होता. हे पाहा, इथं तुमचीच सही आहे. याच्यात कोनाची चूक नाई. रडाले जागा आहे, नोटिशीले नाई." धाकटा भाऊ तिथंच, स्टुलावर बसून हुंदके देऊ लागला. मॅडमनी त्याला रडू दिलं.  मग चहा सांगितला.

आमच्या केसमध्ये जागा होती. अमरावतीच्या एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञांनी कागद पाहून लेखी मत दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की त्या दुपारी बाळाच्या ठोक्यांकडे वेळेत कोणी पाहिलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं आणि बाळ बहुधा सुखरूप निघालं असतं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'बोलावताच तपासणी केली.' म्हणजे सगळा प्रश्न एका गोष्टीवर येऊन ठेपला. आईनं किती वेळ बोलावलं? एकदा हाक मारली आणि ती माणसं लगेच आली असतील, तर त्यांची चूक फार नव्हती. ती हाका मारत राहिली आणि कोणी आलं नसेल, तर सार्थकचं सगळं आयुष्य त्या वेळात बसलेलं होतं. मला कळांमध्ये वेळेचं भान नव्हतं, साक्षीला होती फक्त माझी आई.

इथं मॅडमचा एक हट्ट सांगायला हवा. साक्षीदार जसा बोलला तसंच प्रतिज्ञापत्र लिहायचं, ही त्यांची रीत होती. "साक्षीदाराच्या तोंडात पुन्याचे शब्द घातले का खरा मानूसही खोटा वाटते," असं त्या म्हणत. आईनं सांगितलं होतं, 'मी दारात उभी राहून सिस्टरबाईले आवाज देऊन राहिली होती.' टायपिस्टनं आपल्या अकलेनं ते 'आवाज देत होते' असं करून आणलं. मॅडमनी लाल पेनानं खोडलं आणि पुन्हा आईचे शब्द घालायला लावले. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं. कोणालाही काही खटकलं नाही, कारण आम्ही सगळे वऱ्हाडी. आमच्याकडे पाऊस येऊन राहतो, पोरगी शिकून राहते, नळ वाहून राहतो. यात समजावण्यासारखं काय आहे?

ग्राहक आयोगापुढे केस युक्तिवादाला आली. नव्या कायद्यामुळे दवाखाना अमरावतीचा असूनही आम्हाला अकोल्यात दाद मागता आली होती, हीही मॅडमचीच सोय. अध्यक्ष साताऱ्याकडचे, नुकतेच नेमून आलेले. बाजूचे सदस्यही तिकडचेच. दवाखान्याचे वकील पुण्याहून आले होते, तरुण, नम्र, तयारीचे. त्यांनी आईचं प्रतिज्ञापत्र हातात घेतलं आणि म्हणाले, "सर, साक्षीदाराचे स्वतःचे शब्द पाहावेत. 'आवाज देऊन राहिली.' म्हणजे एकदा हाक मारली आणि मग ती तिथंच थांबली. पुन्हा बोलवायला गेली नाही. वारंवार बोलावल्याचं तक्रारीत म्हटलंय, पण साक्षीदार स्वतः तसं म्हणत नाही."

अध्यक्षांनी ती ओळ पुन्हा वाचली. "शब्द तर तसेच दिसतात," ते म्हणाले.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या प्रतिज्ञापत्रातली तीच ओळ बोट ठेवून पुन्हा वाचत होत्या.  पुण्याचे वकील लबाडी करत नव्हते, हेच वाईट होतं. त्यांनी ते वाक्य खरोखर तसंच वाचलं होतं. मॅडमनी उठून सांगितलं की आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो. वकील म्हणाले, अर्थ आता काढला जातोय, प्रतिज्ञापत्र वकिलांनीच तयार केलंय. तेही खरंच होतं. शेवटी मॅडमनी साक्षीदाराला समोर बोलावून विचारण्याची परवानगी मागितली आणि पुढची तारीख पडली.

त्या तारखेला आई अमरावतीहून सकाळच्या एसटीनं आली. घरचा भाजीपाला पिशवीत होताच, मॅडमसाठी. चैत्र संपत आला होता आणि दालनात उकडत होतं. अध्यक्षांनी आदरानं विचारलं, "मावशी, तुम्ही सिस्टरला किती वेळा हाक मारली?"

"मोजली नाई साहेब. आवाज देऊनच राहिली होती मी."

पुण्याचे वकील अर्धवट उठले. "सर, आजही तेच शब्द आहेत."

आपल्यावर विश्वास बसत नाही एवढं आईला समजलं. का बसत नाही, ते तिला समजणं शक्य नव्हतं. तिनं बाजारातला आवाज लावला. "अवो साहेब, खोटं काहून बोलू? देऊनच राहिली होती ना! देऊनच राहिली होती!" ती जितक्यांदा जोर देऊन सांगे तितकी आमची केस खड्ड्यात जात होती. मी पदराचं टोक मुठीत आवळून बसले होते. सार्थक माझ्या मांडीवर होता आणि आजीचा आवाज ऐकून खूश झाला होता.

मॅडम उठल्या. "साहेब, दोन प्रश्न विचारते." त्या आईकडे वळल्या आणि वर बोट दाखवलं. "बाई, हे काय आहे?"

"पंखा."

"काय करून राहिला तो?"

वकीलबाईंचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेनं आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "फिरून राहिला. दुसरं काय करन?"

सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा कुरकुरत फिरत होता. मॅडम अध्यक्षांना म्हणाल्या, "साहेब, थांबला का तो?" आणि बसल्या.

अध्यक्षांनी पंख्याकडे पाहिलं, मग प्रतिज्ञापत्राकडे, मग पुन्हा पंख्याकडे. पहिल्यांदा हसू आलं ते पुण्याच्या वकिलांनाच. "म्हणजे... फिरतोय," ते म्हणाले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पेन उघडला आणि आमचीच बोली जरा अडखळत बोलत विचारलं, "मावशी, किती वेळ आवाज देऊन राहिल्या होत्या तुम्ही?"

आईचा आवाज एकदम खाली आला. "लेकरू होईपर्यंत, साहेब."

 अध्यक्ष लिहीत होते.

बाहेर आल्यावर मॅडम जिन्याच्या पायरीवरच बसल्या.  "मास्तरीण, माह्या हट्टापायी साहेबांची केस बुडाली असती आज," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पण बुडाली तर नाही. "काहून नाई बुडाली?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि म्हणाल्या, "उन्हाळा आहे म्हनून. हिवाळ्यात पंखा बंद असते." मग आईनं आणलेल्या पिशवीतली काकडी काढून पदराला पुसली आणि तिथंच खाल्ली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. रकमेचा आकडा इथं लिहीत नाही, लोकांना फक्त तेवढाच लक्षात राहतो. सार्थकच्या उपचारांची आणि पुढच्या आयुष्याची सोय त्यात धरली होती, एवढं पुरे. निकालपत्रात आईचं ते वाक्य जसंच्या तसं होतं, आणि पुढे कंसात 'म्हणजे सतत बोलावत होती'. मॅडमनी तो कंस मला फोनवर दोनदा वाचून दाखवला. हट्ट मात्र सोडला नाही. त्याऐवजी त्यांनी एक रबरी शिक्का करून घेतला आणि प्रत्येक वऱ्हाडी प्रतिज्ञापत्राच्या तळाशी तो मारू लागल्या. 'टीप: करून राहिला होता म्हणजे करत होता. थांबला असे नव्हे.' सगळ्या बाररूममध्ये तो चेष्टेचा विषय झाला. कोणी चहा पीत असलं की दुसरा म्हणे, चहा पिऊन राहिला, शिक्का मारा. पण पुढे त्यांच्यातलेच दोघं तो शिक्का मागून नेऊ लागले.

दवाखान्यानं अपील केलं आणि केस नागपूरला गेली. त्या काळात सार्थकची जीभ थोडी थोडी वळू लागली होती. वाचा सुधारणाऱ्या ताई त्याच्याकडून 'आई' आणि 'बाबा' घोकून घ्यायच्या. तो तेही म्हणे, पण ज्या शब्दासाठी तो स्वतःहून धडपडला तो वेगळाच. मॅडम त्याला भेटल्या की विचारत, "साहेब, आज मूड नाई? काहून?" आणि उत्तराची वाट पाहत बसत. एक दिवस त्यानं तोंड गोळा केलं, सगळं अंग ताठ केलं आणि म्हणाला, "का...हून." मॅडम एवढ्या हसल्या की चष्मा पडला. तेव्हापासून तो आम्हाला दिवसभर विचारू लागला. वीज गेली, काहून. शाळा नाही, काहून. उत्तर द्यावंच लागे, कारण 'असंच' म्हटलेलं त्याला चालत नसे. कोणाकडून शिकला हे सांगायला नको.

मागच्या वर्षी मॅडमच्या पोटात गाठ निघाली. त्या कुणाला कळवणाऱ्यातल्या नव्हत्या. मला भांड्यांच्या दुकानदाराकडून कळलं. मी सार्थकला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, चष्मा लावलेला, आणि मांडीवर स्वतःचीच फाइल. समोर एक तरुण डॉक्टर उभा होता आणि त्याला त्या एकेका औषधापुढे काहून विचारत होत्या. तोही न कंटाळता सांगत होता. तो गेल्यावर म्हणाल्या, "हुशार आहे पोट्टा. चिडत नाई."

मुंबईहून त्यांचा भाचा आला होता. आधी जिथं दाखवलं त्यांनी निदानाला उशीर केला असेल, आपण केस करू, असं तो तावातावानं म्हणत होता. मॅडमनी फाइल मिटली. "पाहिले मी सगळे कागद. उशीर झाला तो माह्याच्यानं झाला. दुखत होतं तवा मीच गेली नाई, तारखा होत्या माह्या. त्यायनं काई चुकवलं नाई." त्या माझ्याकडे वळल्या. आता पुढचं वाक्य काय येणार हे मला ठाऊक होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. "रडाले जागा आहे, मास्तरीण. नोटिशीले नाई." मी रडले नाही. त्यांच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवून गेले होते. त्यांनी सार्थकचा हात हातात घेतला. "साहेब, तुमचं अपील बाकी आहे. नागपूरच्या वकीलबाई चांगल्या आहेत. पन त्यायलेही काहून विचारत जा."

त्या गेल्या तेव्हाही मी रडले नाही. शाळेच्या परीक्षा होत्या, सार्थकचे व्यायाम होते, नागपूरची तारीख होती. सार्थकला मी सगळं नीट सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि त्या वेळी काहीच विचारलं नाही.

गेल्या महिन्यात नागपूरहून फोन आला. अपील फेटाळलं होतं. निकाल कायम झाला. आई आमच्याकडेच आलेली होती, वाटाणे सोलत बसली होती. तिनं हात जोडले. पण मॅडमची शिस्त होती, आधी पक्षकाराला सांगायचं. मी सार्थकच्या खुर्चीपुढे बसले. "साहेब, तुमची केस झाली. आपण जिंकलो." तो हसला. तो हसतो तेव्हा पायाच्या बोटांपासून हसतो. मग त्यानं माझ्या हातातल्या फोनकडे मान वळवायचा प्रयत्न केला. मला समजलं. मॅडमना सांग, असं त्याचं म्हणणं होतं.

"मॅडम आता नाहीत ना, बाळा."

त्यानं तोंड गोळा केलं. "का...हून?"

"आजारी होत्या त्या."

"का...हून?"

"पोटात गाठ झाली होती."

"का...हून?" तो उत्तर मिळेपर्यंत थांबणार नव्हता.  मी त्याला म्हटलं, "याच्यात कोणाची चूक नाही, साहेब." आणि मग मी रडले. आई रडली. सार्थकही रडला, मोठ्यानं, गळा काढून. जागा होती.